देवाचे वजन

आमचे शिर्केसर सरपंचालाही अरे-तुरे करतात. अहो-जाहो फक्त कृष्णेच्या पाण्याला. नदीकाठच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. परीक्षानळी उजेडात धरून ते मृदू स्वरात विचारतात, "बोला, आज काय पाजलं तुमाला गावानं?" आणि लगेच माझ्याकडे वळून गरजतात, "मूर्ख हायेत सगळे!"

मला हा राग विनोदी वाटायचा. मग विसर्जनानंतर एकदा त्यांच्यासोबत घाटावर गेले. गाळात रुतलेल्या सोंडा, सुटे हात, रंग उडालेले डोळे. माझाही जीव जळला. "देव म्हणता आणि हाडं मोडून टाकता व्हय रं?" असे सरांनी मंडळाच्या अध्यक्षाला भर चौकात विचारले.

यंदा त्यांनी हट्ट धरला: शाळेची प्लास्टरची मूर्ती प्रयोगशाळेतल्या टबातच विसर्जित होईल. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर विरघळते, तळाशी खडूसारखी भुकटी उरते आणि वरचे पाणी झाडांना खत होते. हेडसरांनी अट घातली, "सोमवारी सकाळपर्यंत विरघळली, तर दरवर्षी असंच करू. नाहीतर हा विषय पुन्हा नको."

मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घालायची, एवढेच गणित. ते दहावीच्या मुलींकडे होते.

रविवारी दुपारी मी वह्या न्यायला गेले, तर नाकात झोंबणारा वास आणि सरांचा आवाज एकदमच अंगावर आले. मूर्तीचे हात विरघळले होते, पोट खंगले होते; मस्तक मात्र तसेच.

"वजन किती भरलं?"

त्यांच्यातली संजना म्हणाली, "केलंच न्हाई, सर. काटा भंगारवाल्याचा हुता. त्येच्यावर देव कसा ठेवायचा? अंदाजानं टाकली."

"अंदाज? उद्या भाजी तोलायच्या आधी वांग्याच्या पाया पडा!"

कपाटातली उरलेली पावडर सरांनी ओतली. पण आता वेळ अपुरा होता. उपाय एकच, आणि तो त्यांनीच फळ्यावर शिकवलेला: तुकडे केले की पदार्थ लवकर विरघळतो. संजनाने हातोडी पुढे केली.

सर ती घेऊन टबावर वाकले. पाण्यावर मुकुटाचा सोनेरी रंग सालीसारखा तरंगत होता. हातोडी बराच वेळ हवेतच राहिली.

मग ती बाजूला ठेवून त्यांनी बाह्या सारल्या आणि बाळाला न्हाऊ घालताना धरतात, तसा त्या मस्तकाखाली तळवा धरला.

"हेडसरला सांग बाई, शिर्के हरला," ते म्हणाले. "आमा दोघांस्नी मंगळवार उजाडंल."