चिवचिवणारा बसल

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या बँकेत हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि त्याच आठवड्यात हर्बर्ट पिम्बलच्या कोंबडीनं पिल्लं काढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो हर्बर्टनं जोडला.

शनिवारी ग्रिमशॉ साहेबांच्या बंगल्यावर चहा होता. जागा साहेब देणार म्हणजे ग्रिमशॉबाई देणार, आणि त्या कारकुनाचं काम बघत नाहीत, त्याच्या बायकोचा झगा बघतात, हे अख्ख्या बँकेला ठाऊक होतं. म्हणून लॅव्हिनियानं, म्हणजे हर्बर्टच्या बायकोनं, नवा झगा शिवला होता आणि त्याखाली बांधायला लंडनहून बसल मागवला होता. कमरेमागे झगा फुगवून धरणारा तारांचा सांगाडा तो. बाई बसली की मिटतो, उठली की टुणकन पुन्हा फुगतो. त्याचा कापराचा वास जावा म्हणून तिनं तो मागच्या व्हरांड्यात ठेवला होता.

हर्बर्ट तिथं दाणे टाकत होता. वर घार घिरट्या घालत होती, आणि समोर तारेचं छानसं डालगं पडलेलं. (बायकांच्या आतल्या कपड्यांकडे बघायचं नाही, ही त्याला आईची शिकवण. त्यानं ती लग्नानंतरही पाळली.) त्यानं पिल्लं डालग्याखाली झाकली आणि स्वतःवर खूश होऊन दाढी करायला गेला.

"हर्बर्ट, माझा बसल आण रे!"

"तो दिसतो कसा?"

"तारेचा! व्हरांड्यात आहे. गाडी दारात उभी आहे, मिस्टर पिम्बल!"

ती खुशीत असली की तो हर्बर्ट असे. मिस्टर पिम्बल झाला की धडगत नसे. तोंडाला साबण तसाच ठेवून तो धावला, डालगं उचललं, झटकलं, त्यावर फुंकर मारली आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं.

गाडी हलली तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं. कोंबडी कुंपणापाशी सैरावैरा धावत होती, कुणाला तरी हाका मारत होती. आणि हर्बर्टच्या शेजारून बारीक आवाज आला, "चिव."

"काय म्हणालास?" लॅव्हिनियानं विचारलं.

"घसा बसलाय," हर्बर्ट म्हणाला. खरं सांगावं तर ती गाडी वळवणार, आणि जागा शेजारच्या टेबलावरच्या पोकॉकच्या घशात जाणार. न सांगावं तर ती कधीतरी खाली बसणार! गाडीत ती तिरकी टेकली होती, तेवढं नशीब.

बंगल्यात पोचल्यावर त्यानं एकच धोरण धरलं.

"बस ना गं, लॅव्हिनिया," ग्रिमशॉबाई म्हणाल्या.

"नको!" हर्बर्ट ओरडला. "म्हणजे... तिला तुमचे गुलाब बघायचेत."

"या उन्हात? सगळे करपलेत."

"तिला करपलेलेच आवडतात."

लॅव्हिनियानं त्याच्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर काय होणार ते त्याला लख्ख दिसलं. बिचारी गुलाब बघून आली. मग हर्बर्टनं तिला पडदे दाखवले, भिंतीवरचे साहेबांचे आजोबा दाखवले. शेवटी ग्रिमशॉबाईंनी स्वतः तिचा हात धरला आणि तिला सोफ्यावर बसवलं.

तारा करकरल्या. सगळं शांत झालं. हर्बर्टनं डोळे मिटले. एवढासा जीव, आणि आपल्या बढतीपायी! त्याला खरंच रडू आलं.

"चिव! चिव चिव चिव!"

पेले हवेतच थांबले. सगळ्या बायका लॅव्हिनियाच्या झग्याकडे बघू लागल्या. लॅव्हिनियानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर गुन्हा स्वच्छ दिसत होता. तिनं सावकाश चहाचा घोट घेतला.

"लंडनला सध्या असेच निघालेत," ती म्हणाली. "मागच्याच आगबोटीनं आला."

लंडनची फॅशन बेंडिगोला पोचेपर्यंत तिकडे जुनी झालेली असे, पण ती आपल्याला माहीत नाही असं कबूल करणारी बाई बेंडिगोत अजून जन्माला यायची होती.

"ठाऊक आहे गं," ग्रिमशॉबाई म्हणाल्या. "माझाही वाटेत आहे. माझा जरा खालच्या पट्टीत गातो."

बायका वाहवा करू लागल्या. हर्बर्ट खुर्चीत कोसळला. पिल्लू वाचलं, अब्रू वाचली, जागाही आता आपलीच! तेवढ्यात साहेबांनी त्याला खिडकीपाशी बोलावलं.

"पिम्बल, जागा तुलाच देणार होतो. वाटायचं, बिचारा ओढगस्तीत आहे. पण बायकोला गाणारा बसल घेऊन देणाऱ्याला बढतीची काय गरज? पोकॉकला देतो. त्याची बायको झग्यात वर्तमानपत्रं कोंबते रे. बसली की चुरचुरतात. जिवाला लागतं."

घरी आल्यावर लॅव्हिनिया आतून बाहेर आली, तिच्या ओंजळीत पिल्लू होतं. जराही खरचटलं नव्हतं.

"मी याचं नाव ठेवलंय, मिस्टर पिम्बल," ती म्हणाली. "हेडक्लार्क. घरात एक तरी हवा."