चीक आणि दोन चामखिळी

झाडाला जखम झाली की ते चीक सोडतं आणि माणूस त्या चिकावर शोधनिबंध लिहितो. दोन्ही क्रिया स्वसंरक्षणार्थ असतात.

चीकसंशोधन विभागाचे प्रमुख (सहकारी त्यांना प्रेमानं, म्हणजे पाठीमागे, 'चिकटराव' म्हणत) अठरा वर्षं अंजिराच्या चिकातली औषधी संयुगं शोधत होते. निबंध एकूण एकेचाळीस. चाळिसांचा निष्कर्ष: 'अधिक संशोधनाची गरज आहे.' एकेचाळिसाव्यात छपाईच्या चुकीनं ती ओळ गळली. त्याबद्दल त्यांनी रीतसर दिलगिरी छापली.

एके दिवशी संचालकबाई आल्या. खिडकीपासून दारापर्यंत पावलं मोजून म्हणाल्या, "इथे बैठकीची खोली मस्त होईल. सर, या चिकानं आजवर एक तरी माणूस बरा झालाय?"

"परीक्षानळीत..."

"माणूस, सर. महिनाभरात दाखवा."

त्या दिवशी जेवताना चिकटरावांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, तुमच्याच डाव्या हातावर दोन चामखिळी आहेत. लावा की चीक."

"हे आधी का नाही सुचवलंस?"

"सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, अजून संशोधन व्हायचंय."

आता शास्त्र म्हणजे शास्त्र. तर्जनीवरच्या चामखिळीला चीक लावायचा, करंगळीवरची तुलनेसाठी तशीच ठेवायची. (करंगळीची लेखी संमती घेण्यात आली. सही उजव्या हातानं केली.)

चौथ्या दिवशी तर्जनी लालबुंद झाली. आठव्या दिवशी टपोरा फोड आला. सव्विसाव्या दिवशी चामखीळ गळून पडली आणि चिकटराव लहान मुलासारखे ओरडले. बायको धावत आली. तिनं त्यांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "अहो, करंगळीवरचीही गेलीय."

लपवता आलं असतं. करंगळीकडे बघतं कोण? दोन दिवस ते डावा हात खिशात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी बेचाळिसावा निबंध लिहिला: 'चीक लावल्यावर चामखीळ गेली. न लावताही गेली, आणि तिथे फोड आला नाही.' अठरा वर्षांत प्रथमच त्यांना अधिक संशोधनाची गरज भासली नाही.

संचालकबाईंनी त्यांच्या प्रामाणिकपणाचं भरभरून कौतुक केलं. नव्या बैठकीच्या खोलीत.

हा निबंध मात्र सतरा जणांनी वाचला, हा विभागाचा उच्चांक. सतराही जणांनी पत्र पाठवून एकच शंका विचारली: चीक दिवसातून किती वेळा लावायचा?

(तुमची अठरावी. दोनदा, सकाळ-संध्याकाळ.)