कापसावरचा चोर

पुंडलिकरावांच्या घरातला चोरघंटीचा भोंगा पहिल्यांदा वाजला, तेव्हा अख्खी गल्ली काठ्या घेऊन धावली. दुसऱ्यांदा निम्मीच आली. आता भोंगा वाजला की शेजारची तुळसाबाई तेवढी सूप खाली ठेवून मान वर करी, खिडकीत डोकावून येई आणि पुन्हा तूर पाखडायला लागे.

चोरघंटी बसवून घेतली होती यवतमाळला नोकरी करणाऱ्या पुंडलिकरावांच्या मुलानं, अमरनं. कारण होती त्याची लेक खुशी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती दरवर्षी नाचायची, दरवर्षी आबांना बोलवायची, आणि आबा दरवर्षी फुलसावंगीत कापसाची राखण करत बसायचे. भाव वाढल्याशिवाय कापूस विकायचा नाही आणि कापूस घरात असेपर्यंत कुलूप लावून परगावी जायचं नाही, असे पुंडलिकरावांचे दोन नियम होते. भाव काही त्यांना विचारून वाढत नसे.

दसऱ्याआधी ढाणकीचा सलील मेकॅनिक आला. समोरच्या रिकाम्या खोलीत, डोक्याच्याही वर, भिंतीला त्यानं हालचाल टिपणारा सेन्सर ठोकला. मग तुळसाबाईची शेळी आणून खोलीतून फिरवली. भोंगा गप्प. पुंडलिकरावांना फिरवलं. भोंगा बोंबलला आणि त्यांच्या खिशातला मोबाइलही वाजला.

"पाहा काका, खालून कुत्रं जाओ का मांजर, हा ओळखते. माणूस आला तरच वाजन."

"म्हंजे याले माणसाची पारख हाय," पुंडलिकराव खूश झाले. "आमच्या सरपंचाले नाही."

मग कापूस घरात आला, त्याच खोलीत भरला, आणि भोंग्याला वेड लागलं. नवरा-बायको शेतात पोचत नाहीत तोच फोन वाजे. धापा टाकत परत यावं तर कुलूप जागेवर, कापूस जागेवर, चोराचा पत्ता नाही. पुंडलिकरावांनी बॅटऱ्या बदलल्या. सेन्सरवरची धूळ धोतरानं पुसली. वाऱ्यानं फडफडतं म्हणून देवाचं कॅलेंडर काढलं, तेव्हा त्यांची बायको भागीरथाबाई दिवसभर बोलल्या नाहीत. कापसाला हवा लागावी म्हणून उघडी ठेवलेली खिडकी तेवढी त्यांनी लावली नाही. शेवटी सलीलनं येऊन, दारातूनच शिडी लावून, सेन्सरच नवा बसवला.

नव्यानं तर त्याच दुपारी बोंब मारली.

"हा सेन्सर खराब नाही, घरच खराब हाय," पुंडलिकरावांनी निकाल दिला. "अमरले सांग, मी काही येत नाही गॅदरिंगले."

भागीरथाबाईंच्या हातातली भाकर परातीतच राहिली. "काहून नाही? पोरगी नाचता नाचता आबाले शोधते. लोक म्हणते, स्टेप चुकली. स्टेप नाही चुकत, तिचं ध्यान तुमच्या खुर्चीवर असते. म्या पायलं हाय, म्हणून सांगतो."

पुंडलिकरावांना वाईट वाटलं होतं, पण नियम मोडण्याइतकं अजून वाटलं नव्हतं.

गॅदरिंगच्या आदल्या सकाळी भागीरथाबाईंनी सलीलला पुन्हा बोलावलं. या खेपेला तो सेन्सर नीट जवळून पाहायचा म्हणून सरळ कापसाच्या ढिगावर चढला आणि कमरेइतका आत गेला. उठायला हात टेकला, तर कापूस फिसकारला.

"अरे बाप!" सलील ओरडला. "काकू, इथं तं बाळंतीण हाय!"

ढिगाच्या माथ्यावर, सेन्सरच्या अगदी नाकासमोर, मांजरीनं मऊ खळगा केला होता. आत पिल्लं एकमेकांवर लोळत होती. सलीलच्या हातावर ताजे ओरखडे उठले होते, तरी त्याला हसू आवरेना.

"काका, तुमची जमीनच वर आली! रिकाम्या खोलीच्या हिशेबानं मी डोळा लावला, तुम्ही त्याच्या नाकाइतका कापूस भरला. आता मांजर त्याच्या तोंडासमोरून गेली का त्याले माणूसच वाटते."

"मंग वर सरकव."

"वर छत हाय. एक तं कापूस विका, नाही तं मांजर हाकला."

"भाव वाढल्याबिगर कापूस हलत नाही," पुंडलिकराव म्हणाले.

"लेकुरवाळी मांजर मी घरातून काढत नाही," भागीरथाबाई म्हणाल्या. "अन् उद्या मी यवतमाळले जातो. तुम्ही बसा कापसाजवळ. पोरीले काय सांगू तेवढं सांगा."

पोरीला काय सांगायचं, ते पुंडलिकरावांना रात्रभर सुचलं नाही. सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून बायकोच्या आधी एसटीच्या थांब्यावर उभे होते.

गाडी गाव सोडते न सोडते तोच खिसा वाजला. पुंडलिकराव ताडकन उठले. "चोर!"

"बसा खाली. तुळसाबाईले फोन लावा."

तुळसाबाईनं खिडकीतून पाहून सांगितलं, "मांजर आली भाऊजी, उंदीर घेऊन." थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. मांजर बाहेर गेली होती. यवतमाळ येईपर्यंत पुंडलिकरावांना तिच्या येण्याजाण्याची चांगलीच सवय झाली.

शाळेत अमरनं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. नाच सुरू व्हायच्या बेतात होता, पण पुंडलिकरावांचा जीव खुर्चीत नव्हता.

"आता काय झालं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"लय वेळ झाला, फोन वाजला नाही. मांजर गेली ते आलीच नाही. पिल्लं उपाशी असन. काही झालं तं नसन तिले?"

पडदा उघडला. खुशीचे डोळे खुर्च्यांवरून फिरू लागले, आणि पुंडलिकराव तुळसाबाईला फोन करायला अर्धे उठलेले. तेवढ्यात खिसा खणखणला. ते पुन्हा मटकन बसले, आणि समोर पाहतात तर खुशी त्यांच्याकडेच बघत होती. ती इतकी हसली की पहिली स्टेप खरोखरच चुकली. पुंडलिकराव डोळे पुसत टाळ्या वाजवू लागले.

शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "काका, तुमचा फोन वाजून राह्यला ना!"

"वाजू द्या हो," पुंडलिकराव टाळ्या न थांबवता म्हणाले. "घरी सारं ठीक हाय."