लिदुविनाच्या नोकरीची दुरुस्ती

व्यावसायिक कौशल्य प्रशिक्षणाने विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागतात की नाही, हे शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासण्याचे पाराग्वेतल्या आमच्या विल्यारिका गावच्या विद्यापीठाने ठरवले. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला हस्तांदोलन, नजरभेट आणि आत्मविश्वासपूर्ण स्मित शिकवायचे. दुसऱ्याला काहीच नाही. लिदुविना काबान्यास दुसऱ्या गटात आली.

या गटाने बेकार राहणे अपेक्षित होते. लिदुविना मात्र एर्मेलिंदाबाईंच्या दुग्धशाळेत गेली आणि म्हणाली, "दूध तपासायला माणूस हवाय का?"

"हवाय. उद्या ये."

ती शीळ घालत कामाला जाऊ लागली. मग एके दुपारी मूल्यमापन अधिकारी बेनेगास तिथे अवतरले. पुढे केलेले तेरेरे हे आमच्याकडचे थंडगार पेयही त्यांनी नाकारले, इतके प्रकरण गंभीर होते.

"पोरी, हे काय करून बसलीस?"

"नोकरी, सर."

"तेच! शिकवलेल्यांपैकी एकालाही लागली नाही. आणि तुला, काही न शिकता? सगळा निष्कर्ष नासवलास."

"मग काय, सोडू?"

"छे छे! नोकरी सोडायला लावणारे आम्ही कोण? फक्त प्रशिक्षण घे. म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने तू पहिल्या गटात जाशील."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर पदवी अडेल."

वर्ग ऐन कामाच्या वेळेत. एर्मेलिंदाबाईंनी काही दिवस कळ काढली. मग म्हणाल्या, "बाई गं, तुझ्यासाठी दूध काही फाटायचं थांबत नाही." लिदुविनाची नोकरी गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

प्रशिक्षण संपताच ती पुन्हा दुग्धशाळेत गेली. दारातच बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून तिने त्यांचा हात गच्च धरला.

"अगं, जागा रिकामीच आहे. येतेस का उद्यापासून?"

होकार तिच्या ओठांवर आला होता. पण तोंडातून निघाले, "अतिशय उत्तम प्रश्न विचारलात. येत्या पाच वर्षांत मी स्वतःला कुठे पाहते, तिथून सुरुवात करते."

बाईंनी हात सोडवून घेतला. "पोरी, बरं नाहीये का तुला? घरी जा."

अहवाल आला. नोकरी मिळवणारे विद्यार्थी : प्रशिक्षित गटात एक, अप्रशिक्षित गटात शून्य. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते.

पुढच्या तुकडीसाठी आईबापांची रांग लागली. माझ्या पुढेच लिदुविनाचे वडील, धाकट्या मुलाला घेऊन.

"थोरलीचं एवढं झालं, तरी?" मी विचारले.

"म्हणून तर! तिला प्रशिक्षण उशिरा मिळालं ना."

पटले मला. तुम्ही हसताय काय? जरा पुढे सरका, तुमच्यामागे बरेच लोक उभे आहेत.