अप्पासाहेबांचा पडदा आणि खंडूजीचा डग्गा

एका जंगलात, मुलांनो, गाणं फुकट ऐकू येत असे. त्यामुळे ते कोणी लक्ष देऊन ऐकत नसे.

अपवाद अप्पासाहेब अस्वलाचा. ते रसिक होते. नदीपलीकडे साळुंकी गायची आणि गवा खंडूजी तिला तबल्यावर साथ करायचा. नदी गुडघाभर पाण्याची. पण रसिकाने स्वतः चालत जावं, हे अप्पासाहेबांना बरं दिसेना. त्यांनी घरातच पडदा बसवला.

पडदा कोळ्यांनी विणलेला, फार तलम. दोन्ही बाजूंना बांबूच्या जाळ्या आणि मधे हा ताणलेला. उदमांजर रोज सकाळी त्याच्यावर शेपटी घासून त्याला भारून ठेवी. मग पलीकडे साळुंकीने तोंड उघडलं, की इकडे पडदा थरथरे आणि सूर घरात उमटे. भारलेल्या पडद्याजवळ बसलं की अप्पासाहेबांच्या अंगावरचे केस उभे राहत. हा गाण्याचा परिणाम, असं ते पाहुण्यांना सांगत.

ऐकायचं मात्र एकाच पाटावर बसून. मान हलली की गाणं गेलं. नाकावर मुंगी चढली तरी अप्पासाहेब तिला चढू देत.

"साळुंकीचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" ते बायकोला म्हणत.

"आणि खंडूजी?" सगुणाबाईंनी एकदा विचारलं. "तो डग्गा वाजवतोय, की ताटलीवर करंगळी?"

हे खरं होतं. पडद्याला सगळं जमे, डग्गा तेवढा जमत नसे.

उदमांजराला बोलावणं गेलं. तो स्वतःला ध्वनिशास्त्री म्हणवत असे. दुसरं कोणी म्हणत नसल्यामुळे वारंवार म्हणवत असे.

"सोपं आहे, अप्पासाहेब," तो म्हणाला. "पडदा पुढेही हलतो, मागेही हलतो. खर्जाचा सूर दोन्हीकडून निघतो, कडेने वळतो आणि स्वतःलाच गिळतो. खर्जाला बंद खोली हवी."

म्हणून सागाचं पोकळ खोड आलं आणि त्यात गणोजी बेडकाची नेमणूक झाली. उदमांजराने शीव आखून दिली. अमुक सुराच्या वर पडद्याने बोलायचं, खाली बेडकाने.

पण पडदा चपळ आणि गणोजी भारदस्त. पडद्यावर सम येऊन जाई तेव्हा गणोजी अजून गाल फुगवत असे. खंडूजीचा उजवा हात आज वाजतोय आणि डावा उद्या, असं वाटे. शिवेवरच्या सुरांचे तर हालच. कधी दोघंही त्यांच्यावर हक्क सांगत, कधी दोघंही त्यांना वाऱ्यावर सोडत.

"गणोजी, जरा लवकर!" अप्पासाहेब ओरडत.

"लवकर कसं, साहेब? आधी मला ऐकू तर येऊ द्या!"

"तू ऐकायचं नाहीस. तू वाजायचं!"

उदमांजराने खोड बोटभर पुढे घेतलं, मग बोटभर मागे. कोपऱ्यात नेलं, तर डग्ग्याबरोबर फडताळही वाजू लागलं. "उत्तम," तो म्हणाला. "खोलीचा स्वभाव कळला." शेवटी खोड पडद्यामागे गेलं. तिथे निदान ते दिसत नव्हतं.

अशात अप्पासाहेबांनी जंगलातल्या रसिकांना जलशाचं आमंत्रण दिलं. त्यात रावजी तरस होता. तो मागच्या खेपेला डग्गा ऐकून हसला होता. तरस कशालाही हसतो, पण हे हसणं वेगळं होतं आणि ते अप्पासाहेबांना लागलं होतं.

"जलशात डग्गा जुळला नाही, तर पडदा आणि बेडूक दोन्ही बाहेर," सगुणाबाईंनी बजावलं. "जुळला, तर मी पुन्हा बोलणार नाही."

अप्पासाहेबांनी कबूल केलं, आणि त्यांना जेवण गोड लागेना.

जलशाचा दिवस आला. अप्पासाहेब पाटावर, मंडळी त्यांच्या पाठीमागे एकामागे एक ओळीत. साळुंकीने सूर लावला. अप्पासाहेबांनी डोळे मिटले.

सम आली. डग्गा समेवरच आला.

पुढच्या आवर्तनातही आला. घुमला आणि वेळेवर थांबला. दोन्ही हात एकाच गव्याचे वाटू लागले. साळुंकीचा आवाज कुठेही दुभंगला नाही. कोपऱ्यातल्या सशालासुद्धा सगळं ऐकू आलं.

रावजी हसला नाही. "वा! अगदी समोर बसून वाजवतोय जणू," तो म्हणाला.

"बोटभर डावीकडे सरकवलं, इतकंच," उदमांजर नम्रपणे म्हणाला.

अप्पासाहेब डोळे पुसत स्वयंपाकघरात धावले. "अगं, जुळला!"

"जुळणारच," सगुणाबाई चहा गाळत म्हणाल्या. "दोघं पडद्यामागच्या पडवीत बसलेत."

"कोण दोघं?"

"साळुंकी आणि खंडूजी. आपल्या घरी पंगत, आणि गाणारे पलीकडे उपाशी, हे मला नाही जमायचं. मीच बोलावून आणलं."

"आणि गणोजी?"

रांजणातून गणोजीने डोकं वर काढलं. "मी दुपारपासून इथंच आहे. घसा बसलाय, साहेब."

"मग खोड?"

सगुणाबाईंनी चुलीकडे बोट दाखवलं. "लाकडं कमी पडली."

अप्पासाहेब हळूच पडवीत गेले. पाट नव्हता. ते जमिनीवर बसले. मान हलवली, पाठ खाजवली, तरी गाणं गेलं नाही. त्यांना फार बरं वाटलं.

इतक्यात आतून रावजीचा आवाज आला, "असला पडदा पंचक्रोशीत नाही!"

अप्पासाहेब ताठ झाले. गाणं संपल्यावर त्यांनी खंडूजीला बाजूला घेतलं.

"उत्तम वाजवता. जेवून घ्या आणि लगेच पलीकडे जा. कोणी बघायला नको. मी नवं खोड सांगतोच आहे."

"बरं, अप्पासाहेब."

"आणि एक करा. उद्यापासून डावा हात जरा आधी टाकत जा. आमच्या बेडकाला वेळ लागतो."

"म्हणजे बेताल वाजवू?" खंडूजी चपापला.

"बेताल कसलं? जुळवून वाजवा!"

ठरल्याप्रमाणे पडदा राहिला आणि सगुणाबाई पुन्हा बोलल्या नाहीत. खंडूजी अजून डावा हात आधी टाकतो. तरुण गवे त्याच्याकडून तेच शिकतात.

तात्पर्य: मुलांनो, खरं गाणं नेहमी पडद्याआडून ऐकावं. समोर बसून ऐकलं, तर ते किती हुबेहूब आहे हे कळत नाही.