वायरलेसवरची वेळ

इस्रायलमधल्या डिमोनाजवळच्या आमच्या खाणीत वायरलेस समजणारा माणूस एकच, आणि तो मी, मोर्देखाय! हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

खाणीवर पाच चौक्या, पाच घड्याळं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. पहिल्या चौकीत जेवणाची सुट्टी व्हायची, तेव्हा शेवटच्या चौकीत, म्हणजे फाटकावर, मंडळी जेवून आडवी झालेली असत. मॅनेजर वैतागला. मी म्हटलं, "शुक्रवारी सगळी खाण एका ठोक्यावर चालवून दाखवतो."

नेमके त्याच शुक्रवारी आमच्या राहेलला पाहायला बेर्शेबाहून पाहुणे यायचे होते. बोलणी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लागायच्या आत उरकायची होती. बायकोने, बेलाने, सकाळीच बजावलं, "दोनची बस चुकवू नका. मग उद्या रात्रीपर्यंत दुसरी नाही. चांगलं स्थळ आहे, घालवाल."

रेडिओच्या टुकटुकीवर मी माझं घड्याळ लावलं. मध्ये टेकडी असल्यामुळे माझा आवाज पहिल्या चौकीपलीकडे पोचत नाही. म्हणून मी वेळ पहिल्या चौकीला सांगायची, तिने घड्याळ लावून दुसरीला सांगायची, दुसरीने तिसरीला, असं करत थेट फाटकापर्यंत. फाटकावर फोन आहे, पण फोनवर वेळ सांगायला वायरलेसवाला कशाला हवा? फाटकाच्या घड्याळावर बस सुटते. तेल अविवच्या इंजिनियरांना सात जन्मांत सुचलं नसतं!

पहिल्या चौकीवर सामाजीमामा. "मामा, वेळ घेतली का?"

"घेतली, बाबा. पुढे पण दिली."

पाचही चौक्यांवर महाराष्ट्रातून आलेली आपलीच यहुदी माणसं, कुणी पेणचं, कुणी अलिबागचं, कुणी ठाण्याचं. शुक्रवारी ती तासभर आधीच फाटकावर जाऊन बसतात. मी मात्र शिस्तीचा. चहा घेत स्वतःवर खूश होत बसलो. तेवढ्यात फाटकावरच्या बारूखचा फोन.

"साहेब, येताय ना? बस सुटतेय."

"बारूख, अजून पंचवीस मिनिटं आहेत. घड्याळ बघ."

"बघूनच बोलतोय. तुमचीच वेळ आहे. फक्त पाच मिनिटं पुढे ठेवलीय."

"पुढे? कशाला?"

"घड्याळ पाच मिनिटं पुढेच ठेवतात ना, साहेब? ठाण्याला आमच्या बाबांचं पण असायचं."

मी बोटांवर चौक्या मोजू लागलो. "आणि तुला ज्याने वेळ दिली, त्याने?"

"त्याने पण ठेवली असणार. तो काय परका आहे?"

"अरे, ड्रायव्हरला थांबव!"

"तो फाटकाचंच घड्याळ मानतो. मी पण निघालो. शब्बाथ शालोम."

धावत फाटकावर पोचलो, तेव्हा बसची धूळसुद्धा खाली बसली होती. अख्ख्या खाणीत बरोबर वेळ फक्त माझी होती, आणि बसमध्ये नव्हतो तो फक्त मी. शब्बाथ काढला पहारेकरी दोवच्या ऑलिव्हवर, राहेलचं काय झालं असेल याचा घोर लावून घेत.

शनिवारी रात्री चोरासारखा घरी शिरलो. "पाहुणे रागावून गेले का?"

"जमलं," बेला म्हणाली. "तुम्ही नव्हतात, म्हणून त्यांना बोलायला मिळालं."

राहेल जवळ आली. "आबा, लग्नाच्या दिवशी तुमची ड्यूटी नाही ना?"

पोरीची माया बघून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं, बाळा."

"मग ड्यूटी घ्या ना लावून," ती म्हणाली.