चौथ्या पंगतीतले नाना

वैशाखातल्या भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, डोक्याला लोकरीचा गळपट्टा मुंडाशासारखा गुंडाळून डोंगर उतरणारा माणूस हिर्डोशीत दिसला, तर ते आमचे नाना मरगळे. गळपट्टा हिरवा-पांढरा, विलायती, आणि टोकाला मेंढ्याचं चित्र. ते चित्र बरोबर कपाळावर येईल अशा बेतानं नाना तो बांधतात. घामाच्या धारा लागलेल्या असतात. "नाना, काढा की ते, डोकं शिजंल," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पार्टी खाली जायाला लागलीया आन म्या मुंडासं काढू व्हय?"

पार्टी म्हणजे राजकारणातली नव्हे. वुलडेन टाउन नावाचा इंग्लंडमधला एक फुटबॉल क्लब आहे, त्याची. हा क्लब वुलडेनच्या बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसावा. आमच्या हिर्डोशीत मात्र शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे आणि त्याला जबाबदार नाना आहेत. थोडा मीही आहे.

माझं इथं रस्त्याला लागून किराण्याचं दुकान, त्यातच चहा. या अख्ख्या पट्ट्यात मोबाईलला रेंज येते ती माझ्या दुकानाच्या पायरीवर, तीही डाव्या अंगाला टेकून बसलं तर. त्यामुळे गावाची सगळी बोलणी माझ्या पायरीवर चालतात. मला लोकांच्या भानगडीत पडायची अजिबात हौस नाही. पण लोकच माझ्या पायरीवर बसून बोंबलून बोलतात, त्याला मी कान कापून ठेवू का?

नाना राहतात वर डोंगरात, धनगरवाड्यात. दोन म्हशी, काही शेरडं आणि हट्टानं राखलेली मूठभर मेंढरं. बायको, सरूवहिनी, काही वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी मंगल. ती भोरला शिकली, पुण्याला जाऊन नर्स झाली आणि पोरीनं थेट इंग्लंडच गाठलं. तिचं हॉस्पिटल त्या वुलडेन गावात. शनिवारची रात्रपाळी करून ती रविवारी खोलीवर जाते आणि बापाला व्हिडिओ-फोन लावते. तेव्हा आमच्याकडे दुपार असते. नाना त्यासाठी डोंगर उतरून माझ्या पायरीवर येऊन बसतात.

सुरुवातीचे ते फोन मी ऐकलेले आहेत. "जेवलात का नाना?" "व्हय. तू?" "हो." "थंडी हाय का?" "आहे." मग दोघंही गप्प. ती तिकडून बघतेय, हे इकडून बघतायत. शेवटी नाना म्हणायचे, "बरं, ठेव. बिल येतं." फुकटच्या फोनला कसलं बिल? पण नाना फोन ठेवायचे आणि उगाच पायरी झाडत बसायचे.

तिच्या तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मंगलनं हा गळपट्टा धाडला. मेंढ्याचं चित्र दिसलं म्हणून घेतला, असं तिनं सांगितलं. नानांनी तो उलटापालटा करून बघितला. लोकर ठीकठाक आहे, आमच्याएवढी नाही, असा निकाल दिला. मग विचारलं, "ह्ये मेंढरू कुणाचं?"

"इथल्या फुटबॉलवाल्यांचं, नाना. त्यांची खूण आहे."

"आरं तिच्या! म्हंजी आपलंच भाऊबंद की!"

झालं. त्या रविवारपासून नाना मेंढरूवाल्यांचे झाले.

फुटबॉल कशाशी खातात हे नानांना मी शिकवलं. मी क्रिकेटवाला माणूस, मलाही जेमतेमच कळतं. पण मी शिकवायचो एक आणि नाना लावायचे दुसरंच. मोबाईलवर गोलची जाळी दिसली तसे हरखले. "ही तर वाघर!" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला रात्री रानात लावतात ती जाळी. मग गोलकीपर आपोआपच वाघरीच्या तोंडाशी बसलेला राखण्या झाला. चेंडू आत गेला की नाना कळवळून म्हणायचे, "लांडगा शिरला!" समोरच्यांच्या जाळीत गेला तरी लांडगाच. फक्त तेव्हा हसून.

तिकडच्या क्लबांचे वरून खाली चार दर्जे, त्यातली आपल्या पार्टीची पायरी त्यांनी गावाला समजावून दिली ती अशी: "तितं चार पंगती बसत्यात. पैल्या पंगतीत बडी मान्सं, त्यांना समदं गरम. आपली पार्टी चवथ्या पंगतीत. वाढपी दमल्याला, आमटी पातळ. पन हाय मांडवात! शेवटाला जे दोघं ऱ्हात्यात त्यांना मातुर उठवत्यात. मांडवाच्या भायेर." इतकं स्वच्छ मला टीव्हीवरच्या कुणीही सांगितलेलं नाही.

यंदा मेंढरूवाले ऐन थंडीपासून त्या उठवणीच्या कडेला आले होते.

त्यात भर म्हणजे क्लबनं जानेवारीत आपला नऊ नंबरचा खेळाडू दुसऱ्या क्लबला विकला. मंगलनं हे सांगितलं तेव्हा नाना पायरीवरून उभेच राहिले. "इकला? मानूस इकला?"

"असतं तसं नाना. आधी डॉक्टर तपासतात, मग घेतात."

"दात बगितलं असत्याल! बाळू, ऐकलंस का? चालता-बोलता नर इकला रं! म्या म्हातारी मेंढी इकायची तरी दोन दिस जेवत न्हाई." आणि खरोखरच त्या दिवशी माझा चहा त्यांनी अर्धा टाकला. फुकटचा चहा नाना टाकतात म्हणजे दुःख खोल असलं पाहिजे.

मग त्यांना गोलकीपरची काळजी लागली. बाकीचे पळतात, त्यांना घाम येतो. हा बिचारा वाघरीच्या तोंडाशी नुसता उभा, आणि तिकडं बर्फ. नानांनी आपल्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी विणून घेतली आणि मंगलच्या ओळखीची एक नर्स पुण्याहून निघाली होती, तिच्याबरोबर धाडली. "त्या राखण्याला दे म्हनावं. खांद्यावं टाकून हुबा ऱ्हा." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "नाना, त्याला अंगावर काही घेऊन खेळू देत नाहीत." नाना म्हणाले, "मंग बाजूला ठेवंल. तुला काय करायचंय?"

पुढच्या फोनवर मंगलनं सांगितलं, गोलकीपर फार खूश झाला, नाना. नाना म्हणाले, व्हनारच. आणि त्यानंतरच्या एका रविवारी, ती मोबाईल टेबलावर टेकवून केस विंचरत होती तर मागं खाटेवर काय दिसावं? काळी घोंगडी! नीट घडी घातलेली, पायथ्याशी. मी नानांना कोपरानं ढोसलं. फोन संपेपर्यंत मला दम निघेना.

"नाना! राखण्याची घोंगडी तुमच्या पोरीच्या खाटंवर!"

"दिसली."

"अहो, तिनं तुम्हाला फसवलं!"

"तिला द्यायाच धाडली व्हती," नाना शांतपणे तंबाखू मळत म्हणाले. "तुझ्यासाठी म्हनलं असतं तर नगं म्हनली असती. खोलीत हीटर हाय म्हनली असती. त्वांड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी ते सोपं नाही, हे गावात कुणालाही विचारा.

नानांचा एक नियम होता. मॅचचा निकाल मंगलच सांगणार, दुसऱ्या कुणी सांगायचा नाही. शनिवारी संध्याकाळी सुरू झालेल्या मॅचचा निकाल रविवारी सकाळी माझ्या मोबाईलवर आलेला असायचा आणि नाना समोर बसून "गप ऱ्हा, गप ऱ्हा" करत कानावर हात ठेवायचे. एकदा माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक तुंबलेलं, दूध उतू गेलेलं, आणि हे वर विचारतात, फोन कधी यील? मी ओरडलो, "येईल तेव्हा येईल! हरले तुमचे मेंढरूवाले! दोन खाल्ले!"

नानांनी नुसतं मुंडासं सारखं केलं. थोड्या वेळानं फोन आला. मंगल म्हणाली, "नाना, कळलं का काही?"

"न्हाई गं. हितं कोन सांगतंय? सांग की. जिकलो का?"

आणि मग ती सांगत गेली. पहिला गोल कसा गेला, पाऊस कसा होता, वॉर्डातला एक म्हातारा पेशंट त्या दोन गोलांवरून रात्रभर कसा शिव्या देत होता. नाना प्रत्येक वाक्याला "काय म्हनतीस!" करत होते. मी आतून बघत होतो. रागानं नव्हे, तोंड उघडं टाकून. असलं नाटक मी यात्रेतल्या तमाशातही पाहिलेलं नाही.

एप्रिल संपत आला. एकच मॅच उरली. ती हरले तर मेंढरूवाले मांडवाबाहेर, बरोबरी केली तरी वाचणार. नाना खंगले. म्हणाले, "भायेर गेली तर मोबाईलवं दिसायाची न्हाई म्हनं पार्टी. मंग मंगल काय सांगंल?" मी म्हटलं, "अहो, बाहेर गेली तरी खेळतीलच की कुठंतरी." पण नानांचं समाधान होईना. शेवटी वाड्यावरच्या देवाला कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं आणि काम सांगायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नाही. आजवर तिथं लग्नं, म्हशी आणि विहिरी यांचेच कौल लागले होते. गुरवानं विचारलं, "काम कुनाचं?"

"विंग्लंडच्या पार्टीचं."

गुरव घुटमळला. "नाना, देवाची हद्द तितवर हाय का?"

"मेंढरू हाय का तितं? मंग देव बी हाय. तू फूल लाव."

फूल लावलं. बराच वेळ काही पडेना. मग उजवं पडलं. नानांनी भंडारा उधळला तो गुरवाच्या डोळ्यांत गेला.

रविवारी माझ्या पायरीवर जत्रा. निकाल मला सकाळीच ठाऊक होता, पण मी दाताखाली जीभ धरून बसलो. फोन आला, मंगल किंचाळली, "नाना, बरोबरी! वाचलो!" आणि अख्खी पायरी उठली. पोरांनी डबे बडवले. मी, ज्याचा हात उधारीलासुद्धा सैल सुटत नाही, त्या मी गुळाचा खडा वाटला. कबूल करतो, माझेही डोळे भरले होते. वुलडेन कुठं आहे ते मला नकाशावर दाखवता यायचं नाही.

नाना मात्र हसता हसता लवकर थांबले. फोन झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळू, आता फुडली म्याच कदी?"

"आता एकदम ऑगस्टात. सीझन संपला, नाना."

"म्हंजी पंधरा-वीस रविवार?"

"तेवढे नाही. पण तीन महिने धरा."

नानांनी मुंडासं सोडलं. मेंढरू आत येईल अशी घडी घातली. मग पायरीकडे बघत म्हणाले, "पोरीशी काय बोलायचं त्ये सरूला म्हाईत व्हतं. त्या दोगी तासभर बोलायच्या, म्या दाराशी बसून ऐकायचो. सरू गेली, आन मला तर मेंढरांशीच बोलायची सवय. ह्या पार्टीनं लई उपकार केलं बग." एवढं बोलून नाना डोंगर चढायला लागले. नाना, माझ्याशी इतकं बोलता ते तिच्याशी बोला ना, असं ओरडावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. डोकं बोडकं, गळपट्टा काखेत. "मीठ पायजे व्हतं म्हशींला," म्हणाले. मीठ त्यांनी गेल्याच रविवारी नेलं होतं. मी पुडा काढून दिला. नाना डाव्या अंगाला टेकून बसले, मोबाईल मांडीवर उताणा. नेहमीची वेळ झाली, टळली. मी उगाच बरण्या पुसत राहिलो. नाना उठायला झाले, धोतर झटकलं, मिठाचा पुडा उचलला.

फोन वाजला.

"नाना, उशीर झाला. आज मॅच नव्हती..."

"म्हाईत हाय गं. तू झोप जा, दमली असशील."

"ऐका तर! ड्यूटी सुटल्यावर मैदानाकडून आले, मुद्दाम. सगळं जुनं गवत खरवडून काढलंय आणि नवं पेरलंय. उगवायला लागलंय, नाना! नखाएवढं. कुंपणातून फोटो काढलेत तुमच्यासाठी."

नाना खाली बसले. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब केला. "पान बारीक हाय का रुंद? हात लावून बगितलंस? पानी किती टाकत्यात? आगं, दाट पेरलंया त्यांनी, पिवळं पडंल. सांग त्यांना. मेंढरं नाव लावत्यात आन गवताचं कळत न्हाई! आपल्या वरच्या माळाला औंदा कसं आलं, सांगू का?"

सांगत सुटले. माळाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, मग सरूवहिनी भाऱ्यातलं कोवळं गवत बाजूला काढून लहानग्या मंगलच्या कोकराला कसं घालायची ते सांगितलं. तिकडून मंगल हसत होती, मधूनच नाक ओढत होती. मी चहा ठेवला. तो उकळून निम्मा झाला तरी पायरीवरचं बोलणं चालूच होतं.

शेवटी नानांनी मोबाईलवर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं गळपट्टा झटकून माझ्याकडे बघितलं.

"बाळू, फुडच्या रविवारी पैली कापनी हाय म्हनं तितं," ते म्हणाले. "मला यावंच लागंल."